मोटारीमागें मोटार

हल्लीं आपल्यांतील पुष्कळ कुटुंबांचा एक पाय अमेरिकेंत असतो. मुलगा नाहीं तर मुलगी तिकडे स्थायिक झालेली असते, आणि उतारवयांतील आईबाप वर्षादोनवर्षांनीं जाऊन चारसहा महिने राहून येतात. परत आल्यावर ते नायगाराचा धबधबा आणि न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता यांचीं वर्णनें सांगतात. तीं वाचकांनीं पुष्कळ ऐकलीं असतील, म्हणून आम्ही तीं येथें देत नाहीं. आम्ही आज जें सांगणार आहों तें एका मोटारीमागें दुसरी मोटार बांधून नेण्याविषयीं आहे. विषय ऐकून कांहीं वाचक हंसतील. प्रथम आम्हांसहि हंसूं आलें होतें; पुढें तें मावळलें.

२०२३ सालच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां कोलोरॅडो संस्थानांतील डेनव्हर शहराच्या एका उपनगरांत आमच्या कन्येच्या घरीं होतों. शेजारच्या घरांत एक वृद्ध दांपत्य राहत होतें. गृहस्थांनीं तेथील एका हायस्कुलांत ३६ वर्षें गणित शिकविलें होतें. बाई सार्वजनिक ग्रंथालयांत ग्रंथपाल होत्या. आम्हीं ३४ वर्षें मुलांकडून रामशब्द चालवून घेतला, त्यांनीं ३६ वर्षें त्रिकोण सोडवून घेतले. देश व भाषा निराळी असली तरी मास्तर मास्तरास ओळखतो. पहिल्याच भेटींत खडूच्या धुळीनें जडलेल्या खोकल्याविषयीं आमचें एकमत झालें, आणि तेथून पुढें रोज सायंकाळीं त्यांच्या ओसरीवर आमची बैठक जमूं लागली. आमचें इंग्रजी पुस्तकी, त्यांचें भरधांव. पण दुसऱ्यास समजेपर्यंत थांबण्याची संवय दोघांसहि होती.

या गुरुजींनीं (आम्ही त्यांस याच नांवानें संबोधूं) आयुष्यभराच्या शिलकींतून एक जुनें मोटरहोम विकत घेतलें होतें. मोटरहोम म्हणजे बसगाडीएवढ्या मोटारींत मांडलेला संसार. पुढें चालकाची जागा, मध्यें बैठक व स्वयंपाकघर, मागें शेजघर, शिवाय स्नानगृह व शौचकूप. आमच्या कुटुंबानें त्यांतील ओटा, शेगडी व भांड्यांचीं कपाटें तपासून पाहिलीं, आणि सांगलीच्या आपल्या स्वयंपाकघरांत इतकी सोय नाहीं असा शेरा आमच्याकडे पाहून दिला. आयोवा संस्थानांतील फॉरेस्ट सिटी या लहानशा गांवच्या विनेबॅगो कंपनीनें १९६६ सालीं असलीं चालतीं घरें करावयास आरंभ केला, आणि पुढें तिचें नांव इतकें सर्वतोमुखीं झालें कीं कोणत्याहि कंपनीच्या मोटरहोमास लोक विनेबॅगो म्हणूं लागले. सेवानिवृत्त झाल्यावर असें घर घेऊन देशभर हिंडावें हें तिकडील कित्येक जोडप्यांचें स्वप्न असतें. आपल्याकडे पूर्वीं काशीयात्रेचें असे, तसेंच.

परंतु या चालत्या घरास एक मोठी अडचण आहे. मुक्कामाच्या जागीं तें उभें केलें म्हणजे पाण्याची नळी, विजेची तार व सांडपाण्याची नळी अशा तीन गोष्टी त्यास जोडाव्या लागतात. मग दूध संपलें तर काय करावयाचें? दुधासाठीं सर्व घर सोडवून बाजारांत न्यावयाचें? बरें, तें लिटरास तीनचार किलोमीटरांपलीकडे जात नाहीं, आणि ३४ फुटांचें धूड लावावयास बाजारांत जागा मिळत नाहीं. डोंगरांतील कांहीं रस्त्यांवर तर त्यास मज्जावच आहे. माँटाना संस्थानांत ग्लेशियर नांवाचें राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या मधून जाणाऱ्या प्रसिद्ध घाटरस्त्याच्या वरच्या टप्प्यावर २१ फुटांहून लांब वाहन चालत नाहीं. म्हणून हे प्रवासी आपली नेहमींची लहान मोटार मोटरहोमाच्या मागें जोडून बरोबर नेतात, आणि मुक्काम पडला म्हणजे ती सोडवून घेऊन हिंडतात.

या मागच्या मोटारीस तिकडे दोन नांवें आहेत. एक ‘टोड’. ओढलेली या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि बेडूक या अर्थाचा शब्द यांचा उच्चार तेथें एकच होतो. ही त्यांची कोटी. दुसरें नांव ‘डिंगी’. मोठ्या जहाजामागें दोरानें बांधलेली लहान होडी ती डिंगी. हा शब्द इंग्रजींत आपल्याकडून, हिंदी-बंगालींतून गेला आहे. गंगेवरची होडी लंडनमार्गें फिरत फिरत कोलोरॅडोच्या डोंगरांत मोटार होऊन आम्हांस भेटली, हें पाहून आम्हांस झालेला आनंद गुरुजींस नीटसा समजला नाहीं. बाईंस समजला. त्यांनीं लगेच कोश काढून आमचें म्हणणें पडताळून पाहिलें.

मागें मोटार नेण्याच्या रीति तीन. एक, चार चाकांच्या चपट्या गाड्यावर ती सबंध चढवावी; हा झाला ट्रेलर. दुसरी, दोन चाकांच्या डॉली नांवाच्या लहान गाड्यावर पुढचीं दोन चाकें चढवावीं व मागचीं दोन जमिनीवर फिरूं द्यावीं. तिसरी, गाडाबिडा कांहीं न घेतां मोटारीच्या पुढल्या बाजूस लोखंडी दांडा अडकवून तिला चारहि चाकांवर ओढीत न्यावें. ट्रेलर फार जड, आणि मुक्कामावर तो ठेवावा कोठें हा प्रश्न. डॉलीचेंहि तेंच, थोड्या प्रमाणावर. तिसऱ्या रीतींत दांडा घडी करून मोटरहोमाच्या मागच्या अंगास लावून ठेवतां येतो, आणि जोडणें-सोडणें कांहीं मिनिटांचें काम. म्हणून लोकांची ओढ साहजिकच तिसरीकडे. आपल्या खेड्यांत बैलगाडीमागें वासरूं बांधून नेतात तसा हा प्रकार दिसतो. पण वासराचे पाय वासराचेच असतात; तें आपलें आपण चालतें. बांधलेल्या मोटारीचीं चाकें फिरूं लागलीं म्हणजे तिच्या पोटांत काय काय फिरूं लागतें, हा खरा प्रश्न आहे.

गुरुजींची लहान मोटार हायब्रीड होती. पेट्रोलचें इंजिन आणि विजेची मोटर अशा दोहोंवर चालणाऱ्या या वाहनास आम्ही ‘संकर-मोटार’ म्हणूं लागलों होतों. परंतु हा शब्द बियाण्यांच्या दुकानांत शोभेल असें कन्येनें सांगितल्यावरून सोडून दिला. दांडे व आंकडे विकणाऱ्या एका दुकानांत गुरुजींनीं चौकशी केली. तेथील मनुष्य म्हणाला, “त्यांत काय आहे? न्यूट्रलमध्यें टाका आणि ओढा.” गुरुजींनीं इसार दिला, आणि पंधरा दिवसांनीं निघावयाचें ठरविलें. सर्व साहित्याचा खर्च कांहीं हजार डॉलर होता, पण तो त्यांनीं धरलेलाच होता. हें त्यांनीं आम्हांस मोठ्या उत्साहानें सांगितलें, आणि आम्हीं तें घरीं येऊन जेवतांना सांगितलें. आमची कन्या विद्युत्-अभियांत्रिकी शिकलेली आहे. तिनें घास खालीं ठेवला व विचारलें, “बाबा, त्यांनीं गाडीचें पुस्तक वाचलें आहे का?”

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं ती आमच्याबरोबर ओसरीवर आली. पुस्तक मोटारीच्या कप्प्यांत, प्लास्टिकच्या मूळ वेष्टनांत जसेंच्या तसें होतें. बाईंनीं तें आणलें, ग्रंथपालाच्या सरावानें मागील सूचीवरून पान काढलें, आणि मोठ्यानें वाचलें. पुढचीं चाकें जमिनीवर ठेवून ही गाडी ओढूं नये, असें त्यांत स्वच्छ लिहिलें होतें. गुरुजी म्हणाले कीं कंपन्या आपल्या बचावासाठीं असें लिहितच असतात. न्यूट्रल तें न्यूट्रल. यावर कन्येनें कागद मागितला.

तिनें जें समजावून दिलें तें आम्ही आमच्या रीतीनें सांगतों. न्यूट्रल या शब्दास आपण ‘तटस्थ’ म्हणतों. तटस्थ म्हणजे तटावर उभा असलेला. नदी वाहते, पण त्याचीं वस्त्रें भिजत नाहींत. हातानें गिअर बदलण्याच्या जुन्या गाडींत न्यूट्रल हें बरेंचसें असें असतें. चाकांबरोबर कांहीं दांड्या फिरतात, इंजिन स्वस्थ राहतें, आणि कित्येक गाड्यांत फिरणारे दांतेच तेल उडवून सर्वांस न्हाऊं घालतात. आपोआप गिअर बदलणाऱ्या बहुतेक गाड्यांत मात्र तेल खेळविणारा पंप इंजिनानें फिरतो. इंजिन बंद, चाकें मैलोगणती फिरत आहेत, म्हणजे आंतले भाग कोरडेच एकमेकांवर घासतात, तापतात आणि जळतात. हा मनुष्य तटावर उभा आहे खरा, पण त्याचे पाय पाण्यांत आहेत.

हायब्रीडचें प्रकरण याहून खोल आहे. सर्वांत प्रसिद्ध हायब्रीड म्हणजे टोयोटा कंपनीची प्रियस. ती १९९७ च्या डिसेंबरांत जपानांत निघाली व २००० सालीं अमेरिकेंत आली. तिच्या पोटांत एक दांतेरी चाकांचा संच आहे, आणि त्यांतील भागांचीं इंग्रजी नांवें ऐकून आमचे कान टवकारले. मधलें लहान चाक तो ‘सूर्य’. त्याभोंवतीं फिरणारीं चाकें ते ‘ग्रह’. आणि या सर्वांस वेढणारें, आंतल्या बाजूस दांते असलेलें मोठें चाक म्हणजे कंकण. ग्रहमंडळास इंजिन जोडलेलें असतें, सूर्यास एक विद्युत्-यंत्र, आणि कंकणास दुसरें विद्युत्-यंत्र व त्याच्याबरोबर गाडीचीं चाकें. पहिल्या पिढ्यांच्या प्रियसमध्यें या मेळ्यांत कोठें क्लच नाहीं, सुटणारा सांधा नाहीं. चाकें फिरलीं कीं कंकण फिरलेंच पाहिजे. मग दांडी न्यूट्रलवर नेल्यानें काय होतें? गाडीचा संगणक विजेस ‘आतां थांब’ असें सांगतो. याहून अधिक कांहीं होत नाहीं. येथें तटस्थ म्हणविणारा मनुष्य भर प्रवाहांत गळ्याइतक्या पाण्यांत उभा आहे.

कन्येनें पुढें दांत्यांचे आंकडे सांगितले. कंकणास ७८ दांते, सूर्यास ३०. इंजिन बंद असल्यानें ग्रहमंडळ जागच्या जागीं खिळलेलें. म्हणजे कंकण एक फेरा घेईल तेव्हां सूर्य उलट दिशेनें किती घेईल? हें ऐकतांच गुरुजींनीं तिच्या हातांतील पेन्सिल घेतली. ७८ भागिले ३०, उत्तर २.६. त्यांनीं उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या आणि बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मोठ्या रस्त्यावर ताशीं ६५ मैलांनीं दिवसभर ओढलेल्या गाडींत तें यंत्र कोणत्या वेगानें उलटें फिरेल याचा हिशेब ते मनांत करीत असावेत.

आणि हीं यंत्रें नुसतीं फिरत नाहींत. आमच्या पिढीच्या वाचकांस सायकलचा डायनामो आठवत असेल. तो चाकास टेंकविला कीं दिवा लागे, आणि दिवा लागला कीं पायडल जड होई. तारेच्या वेटोळ्यापाशीं लोहचुंबक फिरविला कीं वीज उत्पन्न होते, हें फॅरेडेनें १८३१ सालीं दाखवून दिलें. फिरविणारा हात कोणाचा हें चुंबक विचारीत नाहीं. प्रियसच्या यंत्रांत चुंबक कायमचे बसविलेले आहेत. गाडी स्वतःच्या शक्तीनें चालते तेव्हां उत्पन्न होणारी वीज संगणकाच्या देखरेखीखालीं बॅटरींत जाते, आणि तापलेले भाग थंड करण्यासाठीं द्रव खेळत असतो. गाडी बंद करून ओढली म्हणजे चुंबक फिरतच असतात. पण राखणदार झोंपलेला असतो व पाणी घालणारा घरीं गेलेला असतो. पुढचीं चाकें जमिनीवर ठेवून ओढल्यास नुकसान होईल, इतकेंच नव्हे तर आग लागण्याचाहि धोका आहे, असा इशारा त्या कंपनीनें दिलेला आहे तो यामुळें.

येथवर आल्यावर आम्ही मोठ्या समाधानानें सिद्धांत मांडला कीं हायब्रीड मोटार कोणतीच चार चाकांवर ओढूं नये. जेथें जेथें कंकण चाकांस बांधलेलें, तेथें तेथें नाश, जसें प्रियसमध्यें. हेतु, व्याप्ति, उदाहरण सर्व जुळलें होतें. जावई आतांपर्यंत नातवास खेळवीत बसले होते. ते हळूच म्हणाले, “बाबा, तसें नाहीं. फोर्ड कंपनीच्या कित्येक हायब्रीड चार चाकांवर ओढण्यास परवानगी आहे.”

आणि तें खरें निघालें. फोर्डची एस्केप हायब्रीड २००४ सालीं आली. तिच्या पोटांतहि असेच सूर्य, ग्रह व कंकण आहेत. तरीहि कंपनीनें ती ओढण्यास मुभा दिली, कारण तशा ओढण्याचा विचार करून ती तशी बांधली. याहून विलक्षण गोष्ट २०२२ च्या मॅव्हरिक नांवाच्या गाडीची. तिची हायब्रीड आवृत्ति चार चाकांवर ओढतां येते, आणि साधी पेट्रोलची आवृत्ति ओढतां येत नाहीं! आमचा सिद्धांत उताणा पडला. उलटहि उदाहरण आहे. होंडा कंपनीची सीआर-व्ही ही पेट्रोलची गाडी या प्रवाशांची फार आवडती होती. २०१४ पर्यंतची खुशाल ओढावी. २०१५ सालीं कंपनीनें आंतला गिअरांचा संच बदलला आणि परवानगी गेली. बाहेरून नांव तेंच, रूपहि जवळजवळ तेंच. ज्यानें शेजाऱ्याची २०१४ ची पाहून आपली २०१५ ची बांधली असेल त्यास दोष तरी काय द्यावा? जीप कंपनीची रँग्लर २०२१ पासून विजेची जोड घेऊन मिळूं लागली. तीहि ओढतां येते, कारण तींत चारहि चाकांस यंत्रापासून खरोखरच अलग करणारी एक निराळी दांडी आहे. तिचें न्यूट्रल मात्र शब्दशः तटस्थ.

लहानपणीं आम्ही तर्कसंग्रह घोकला तेव्हां प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें पाठ केलीं होतीं. शब्द म्हणजे आप्ताचें वाक्य. शाळेंत मुलें विचारीत कीं गुरुजी, अनुमान असतांना शब्द कशास हवा? तेव्हां आम्ही जें उत्तर देत असूं त्यानें आमचेंहि समाधान होत नसे. त्या सायंकाळीं, सातासमुद्रापलीकडे, मोटारीच्या पुस्तकाच्या एका पानानें तें झालें. शेजाऱ्याच्या गाडीवरून उपमान चालत नाहीं. सूर्य आणि कंकण पाहून केलेलें अनुमान चालत नाहीं. प्रत्यक्ष पाहूं म्हटलें तर गाडी जळाल्यावरच दिसतें. येथें आप्त एकच, ज्यानें ती बांधली तो. आणि त्याचें वाक्यहि त्याच नमुन्याचें, त्याच सालचें हवें. दुकानांतला मनुष्य कितीहि प्रेमळ असला तरी आप्त नव्हे.

गुरुजींस मात्र प्रमाणांची चर्चा नको होती. त्यांनीं एका जुन्या सहकाऱ्यास दूरध्वनि केला. त्या गृहस्थानें दोन वर्षांपूर्वीं आपली हायब्रीड अशीच कोणाच्या सांगण्यावरून बांधून नेली होती. पहिल्या दिवशीं कांहीं झालें नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं चहासाठीं थांबले तेव्हां जळका वास आला, आणि गाडी सुरू होईना. दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या किमतीच्या जवळपास गेला, आणि पुस्तकांत मनाई असल्यामुळें हमीचा एक डॉलरहि मिळाला नाहीं. हें ऐकून गुरुजींनीं इसारावर पाणी सोडलें.

पण प्रश्न तेथें सुटला नाहीं. गुरुजी म्हणाले, ही गाडी विकून ओढतां येण्याजोगी घेऊं. त्यावर बाई, ज्या आजवर आमच्या वादांत क्वचित् बोलत, त्या ठामपणें नको म्हणाल्या. ही मोटार त्यांनीं निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या स्वतःच्या पैशांतून घेतली होती. आम्हांस वाटलें, ममत्व असेल. तसें नव्हतें. गुरुजी आंत गेल्यावर त्यांनीं आमच्या कुटुंबास सांगितलें कीं तीन वर्षांपूर्वीं ह्यांच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली आहे. “मोटरहोम मला चालवितां येत नाहीं. रानांतल्या मुक्कामावर रात्रीं ह्यांना कांहीं झालें, तर दवाखान्यांत मलाच न्यावें लागेल. अंधारांत, डोळे मिटून कळ दाबतां येईल अशी माझ्या हाताखालची ही एकच गाडी आहे. त्या रात्रीं मला नवी गाडी शिकावयाची नाहीं.” आमच्या कुटुंबास इंग्रजी बेताचें येतें, पण यांतला एक शब्दहि त्यांना पुन्हां विचारावा लागला नाहीं. दुधाच्या पिशवीसाठीं म्हणून जी गाडी आम्ही मागें बांधीत होतों, ती बांधण्याचें खरें कारण आम्हांस त्या दिवशीं कळलें. आणि ती गाडी चाकांच्या फिरण्यानें नकळत आंतून जळून गेलेली असती, तर तें कदाचित् त्याच रात्रीं उघडकीस आलें असतें.

शेवटीं डॉली ठरली. त्यांची मोटार पुढच्या चाकांनीं चालणारी. तीं दोन वर उचललीं कीं सूर्य, ग्रह, कंकण सर्व स्वस्थ, आणि मागचीं चाकें नुसत्या आंसावर फिरणारीं. मागच्या चाकांचा ब्रेक सोडण्यास मात्र विसरतां कामा नये. पुस्तकांतहि या रीतीस संमति होती. चारहि चाकांस जोर देणारी हायब्रीड असती, तर मागच्या आंसावरहि विजेचें यंत्र बसविलेलें असण्याचा संभव. मग चारहि चाकें वर उचलल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

डॉली येण्यापूर्वीं एके दिवशीं गुरुजींनीं आम्हांस नुसत्या मोटरहोमांतून पश्चिमेकडील घाट दाखवून आणला. तो रस्ता सुमारे ११,००० फूट उंचीवर आयसेनहॉवर बोगद्यांतून जातो. चढतांना इंजिन कण्हत होतें, मागें कपाटांतील बशा किणकिणत होत्या. खरी परीक्षा पलीकडील उतारावर. तेथें ब्रेक निकामी झालेल्या मालमोटारींसाठीं रस्त्याच्या कडेनें चढावर जाणारे वाळूखडीचे फांटे काढून ठेवलेले आहेत. ते पाहून आम्हीं खिडकीची दांडी घट्ट धरली. गुरुजी खालच्या गिअरवर हळूहळू उतरत होते, तरीहि पायथ्याशीं थांबलों तेव्हां ब्रेकांचा तापल्याचा वास आला. तेव्हां आम्हांस एक गोष्ट कोणी न सांगतां कळली. मागें दीड टनाची मोटार असती, तर ती पुढच्यास ढकलीत आली असती. म्हणून मागच्या वाहनास स्वतःचा ब्रेक हवा. पुढच्यानें पाय दाबला कीं मागें तोहि लागला पाहिजे, आणि सांधा तुटलाच तर आपोआप लागला पाहिजे. पुष्कळ संस्थानांत ठराविक वजनापुढें हा कायदाच आहे. त्यांच्या डॉलीस असा ब्रेक होता. सांध्याखालून फुलीसारख्या नेलेल्या दोन सांखळ्या, आणि मागच्या मोटारीवर पुढच्याबरोबर लागणारे दिवे, हेंहि आलेंच. ज्यांची गाडी चार चाकांवर नेण्याजोगी आहे त्यांच्यामागें तर आणखी सोपस्कार: कोणत्या पुस्तकांत दर कांहीं तासांनीं इंजिन थोडा वेळ चालवावें, कोणत्यांत अमुक वेगापलीकडे जाऊं नये, शिवाय लहान बॅटरी वाटेंत उतरूं नये म्हणून पुढून विजेची तार.

डॉली आली आणि गुरुजींनीं तिचा अभ्यास त्यांच्याच जुन्या शाळेच्या आवारांत केला. उन्हाळ्याची सुटी असल्यानें तेथें मोटारी उभ्या करण्याचें पटांगण मोकळें होतें. आम्ही खुणा करावयास उभे राहिलों. डॉली मागें असतां गाडी मागें घेतां येत नाहीं. घेऊं गेलें तर ती आडवी होऊन घडी पडते. गुरुजींनीं तें दोनदां करून पाहिलें, आणि दोन्ही खेपेस आम्हीं डावीकडे हात केला असतां उजवीकडे करावयास हवा होता असें ठरलें. चाकांवरचे पट्टे आवळण्यासाठीं वाकतांना त्यांस दम लागे. बाई त्यांच्या हातून कळ काढून घेत आणि स्वतः आवळीत. निघाल्यावर थोड्याच मैलांवर थांबून पट्टे पुन्हां आवळावे लागतात, कारण चाक खोबणींत बसलें कीं ते ढिले पडतात. हें बाईंनीं मोठ्या अक्षरांत लिहून कागद चालकाच्या समोर चिकटविला.

ऑगस्टांत एका पहाटे ते निघाले. आमच्या कुटुंबानें डब्यांत बेसनाचे लाडू दिले आणि गुरुजींच्या प्रकृतीकडे पाहून तूप कमी घातलें आहे असें दोनदां सांगितलें. ते लाडू कसे लागले असतील देव जाणे. मोटरहोम कोपऱ्यावरून वळलें. मागें ती लहान मोटार पुढचे दोन पाय उचललेल्या बकरीसारखी डॉलीवर चढून निमूट चालली होती.

सहाव्या दिवशीं कन्येच्या फोनवर एक छायाचित्र आलें. ग्लेशियर उद्यानांतील तोच घाटरस्ता, एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी, दूरवर बर्फ. मोटरहोम व डॉली खालीं मुक्कामावर ठेवून ते लहान मोटारींतून वर आले होते. गुरुजी शेजारच्या खिडकींतून हात बाहेर काढून हंसत होते. चालकाच्या जागीं बाई होत्या.